पोर्ट ४४३पर्यंतचा दिवस

सकाळी साडेसहा

आज संध्याकाळी सातला वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची बैठक आहे. तोपर्यंत ग्रंथसूची कुणालाही, कुठूनही, साध्या फोनवर उघडता आली पाहिजे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे सार्वजनिक वाचनालय. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेलं, ‘ब’ वर्गातलं. दाखल नोंदवहीतली सगळी पुस्तकं ग्रंथपालबाईंनी स्वतः बसून संगणकावर चढवली. सूची, सभासद, देवघेव, वर्गणीची पावती एवढं सांभाळणारं ॲप्लिकेशन आम्ही पायथॉनमध्ये, जँगो वापरून लिहिलं. माझ्या लॅपटॉपवर ते उत्तम चालतं. पण तेच विट्याच्या एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या मुलीच्या फोनवर उघडायचं तर मध्ये पाचसहा टप्पे येतात आणि त्यातला प्रत्येक टप्पा वेगळ्या कुणाच्या तरी ताब्यात असतो.

हे काम मी आतून बाहेर करत जाते. आधी कंटेनरच्या आत, मग त्याच यंत्रावर कंटेनरबाहेर, मग यंत्राबाहेरून आकडी पत्त्याने, मग नावाने आणि शेवटी एचटीटीपीएसने. आतला टप्पा पटला नाही तोवर बाहेरच्याला हात लावायचा नाही. घाईत माणसं उलट्या बाजूने सुरुवात करतात. फोनवर पान उघडत नाही म्हणून डोमेनच्या सेटिंगमध्ये खुडबुड करत बसतात आणि दोष निघतो सगळ्यात आत.

पहिलं काम इमेज, म्हणजे ज्यातून कंटेनर उभा राहतो तो साचा, बांधण्याचं. माझ्या लॅपटॉपमध्ये आर्म जातीचा प्रोसेसर आहे आणि भाड्याने घेतलेला सर्व्हर इंटेल-एएमडी वळणाचा. इमेज बांधतानाच लक्ष्य कोणतं ते सांगितलं नाही, तर सर्व्हरवर कंटेनर सुरू होताक्षणी ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ एवढंच म्हणून बंद पडतो. म्हणून बिल्डच्या आज्ञेत प्लॅटफॉर्म स्पष्ट लिहिते. पायाला डेबियनची ‘स्लिम’ इमेज घेतली आहे. ती हलकी असते, कारण तिच्यातून बऱ्याच गोष्टी काढून टाकलेल्या असतात. त्यात फॉन्टही आले. पावतीची पीडीएफ सर्व्हरवरच तयार होते. तिथे देवनागरी फॉन्ट नसेल तर सभासदाच्या नावाच्या जागी चौकोन छापले जातील. त्यामुळे डॉकरफाइलमध्ये नोटो फॉन्टचं पॅकेज घालायची ओळ मी पहिल्या दिवसापासून ठेवली आहे.

सकाळी आठ

मदतीला असलेला मुलगा आला. डिप्लोमा नुकताच झालाय, हात चलाख आहे. त्याने आपल्या लॅपटॉपवर इमेज चालवून पाहिली आणि लगेच विचारलं, “ताई, कंटेनर चालू दिसतोय, पोर्टही जोडलाय, पण ब्राउझरमध्ये पानच येत नाही. जोडणी होते आणि लगेच तुटते. असं का?”

पहिल्या टप्प्यावरच विचारलं हे बरं झालं, कारण सगळ्यांत जास्त वेळ खाणारी अडचण हीच. कंटेनर हे छोटं यंत्र नव्हे. ती लिनक्सवरची साधी प्रोसेस असते. फक्त तिला स्वतःची फाइलव्यवस्था, स्वतःचे प्रोसेस क्रमांक आणि स्वतःचं नेटवर्क दिसतं, बाकीचं दिसत नाही. काय दिसावं ते कर्नेलमधल्या नेमस्पेसमुळे ठरतं आणि किती मेमरी, किती प्रोसेसर वापरावा ते सीग्रुपमुळे. हे सीग्रुप २००८ साली २.६.२४ या कर्नेलात आले. म्हणजे साहित्य आधीपासून होतं. सॉलोमन हाइक्स यांनी २०१३च्या मार्चमध्ये पायकॉन परिषदेतल्या एका छोट्या भाषणात डॉकर दाखवलं, तेव्हा ते सामान्य प्रोग्रॅमरच्या हातात आलं.

आता, स्वतःचं नेटवर्क म्हटलं की स्वतःचा १२७.०.०.१ सुद्धा आला. गुनिकॉर्न हा पायथॉनचा सर्व्हर, वेगळं काही सांगितलं नाही तर १२७.०.०.१च्या ८००० पोर्टवर ऐकत बसतो. लॅपटॉपवर थेट चालवला तर ते पुरतं. कंटेनरमध्ये मात्र हा १२७.०.०.१ कंटेनरचा स्वतःचा असतो, तिथे बाहेरचं कुणी पोहोचूच शकत नाही. डॉकर बाहेरून आलेलं पॅकेट कंटेनरच्या पुलाकडच्या पत्त्यावर आणून देतो, साधारणपणे १७२.१७ने सुरू होणाऱ्या, आणि त्या पत्त्यावर ऐकणारं कुणी नसतं. उपाय एका ओळीचा: गुनिकॉर्नला ०.०.०.०वर, म्हणजे असतील तेवढ्या सगळ्या पत्त्यांवर ऐकायला सांगायचं.

“पण मी डॉकरफाइलमध्ये एक्स्पोज ८००० लिहिलंय की!”

ती ओळ माहितीपुरती असते, तिने पोर्ट उघडत नाही. आतला पोर्ट बाहेर जोडणं हे चालवताना द्यायच्या ‘पी’ या पर्यायाचं काम. त्याने ओळ बदलली, इमेज पुन्हा बांधली आणि पान आलं. आता ती इमेज खासगी रजिस्ट्रीत चढवायची. ती चढते आहे तोवर चहा.

पावणेदहा

वाचनालयाचे कार्यवाह, निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सरच म्हणतात. त्यांचा फोन.

“ताई, ऑफिसात नवा संगणक आहे, फायबरही घेतलंय. मग दर महिन्याला भाडं भरून दुसऱ्याचा सर्व्हर कशाला? आपल्याच संगणकावर ठेवा ना सगळं.”

प्रश्न रास्त आहे आणि संस्थेचे पैसे सांभाळणाऱ्या माणसाने तो विचारलाच पाहिजे. मी त्यांना राउटरचं पान उघडायला लावलं आणि बाहेरच्या बाजूचा पत्ता वाचून दाखवायला सांगितला. तो १००.७०ने सुरू होत होता. अडचण तिथेच आहे.

आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगाचा मोकळा साठा २०११च्या ३ फेब्रुवारीला वाटून संपला. नवीन ग्राहकांना द्यायला पत्ते नाहीत, म्हणून सेवा पुरवणाऱ्या कंपन्या अनेक घरांना मिळून एकच जाहीर पत्ता वापरतात आणि आतल्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातले पत्ते वाटतात. २०१२ साली हा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा जोडणीतून बाहेर जाता येतं, यूट्यूब बघता येतं, व्हॉट्सॲप चालतं. बाहेरून कुणी आत येऊ म्हणालं तर मात्र पॅकेट कंपनीच्या यंत्रापाशीच थांबतं. शेकडो घरांपैकी ते कुणाचं हे त्या यंत्राला कळायचा मार्ग नसतो. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही नीट लावलं तरी उपयोग होत नाही, कारण अडणारं ठिकाण राउटरच्याही पलीकडे आहे.

सरांनी लगेच पुढचं विचारलं, “मग काहीच मार्ग नाही?”

आहेत. कंपनीकडून स्थिर जाहीर पत्ता वेगळे पैसे देऊन घेता येतो. नाहीतर टनेल: आतल्या संगणकाने बाहेरच्या एखाद्या सर्व्हरशी स्वतःहून जोडणी करून ती धरून ठेवायची आणि येणाऱ्या विनंत्या तिच्यातूनच आत घ्यायच्या. चार दिवस कुणाला काही दाखवायचं असेल तर टनेल मीही वापरते. आयपीव्ही६ आहेच, भारतात मोबाइलवर ते मोठ्या प्रमाणावर पोहोचलंय, पण कुठल्या कचेरीत किंवा शाळेत फक्त जुनी जोडणी असेल तर तिथून सूची उघडणार नाही. आणि या सगळ्यावर वीज. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते, यूपीएस अर्धा तास टिकतो. वाचनालय बंद असताना सूची चालू राहावी हा तर मूळ हेतू. सरांना पटलं. भाड्याचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा, एवढं त्यांनी बजावलं.

सकाळी अकरा

सर्व्हर मुंबईतल्या एका डेटा सेंटरमधलं छोटं आभासी यंत्र आहे. दोन जीबी मेमरी, त्यावर डेबियन. शिरायला पासवर्ड नाही, फक्त एसएसएचची किल्ली. पासवर्डने प्रवेश बंदच केला आहे. सर्व्हर भाड्याने देणाऱ्याच्या कन्सोलमध्ये एक फायरवॉल असते, ती यंत्राच्या बाहेर बसते. तिच्यात तीनच पोर्ट ठेवते: २२ माझ्यासाठी, तोही ठरावीक पत्त्यावरूनच, आणि ८० (एचटीटीपी) व ४४३ (एचटीटीपीएस) सगळ्यांसाठी.

कोणते कंटेनर कसे उभे करायचे ते डॉकरला सांगणाऱ्या कंपोज फाइलमध्ये तीन कंटेनर आहेत. समोर कॅडी हा वेब सर्व्हर, त्याच्या मागे आमचं ॲप्लिकेशन, त्याच्याही मागे पोस्टग्रेस. तिघं एकाच खासगी नेटवर्कवर. अशा स्वतः बनवलेल्या नेटवर्कवर कंटेनर एकमेकांना नावाने हाक मारू शकतात. डॉकर आतल्या आत छोटी नामसेवा चालवतो, १२७.०.०.११ या पत्त्यावर. कॅडीला ‘ॲप, पोर्ट ८०००’ एवढं सांगितलं की पुरे, आकडी पत्ता कुठेही लिहायला लागत नाही. कंटेनर नव्याने उभा राहिला की त्याचा आकडी पत्ता बदलू शकतो, म्हणून तो कधी लिहूही नये.

मुलगा कंपोज फाइल वाचत होता. “ताई, पोस्टग्रेसला ५४३२ बाहेर जोडलेला नाही. घरून डेटा बघायचा असेल तर?” मग म्हणाला, “आणि सर्व्हरवर यूएफडब्ल्यू आहेच की. त्यात ५४३२ बंद ठेवला तर जोडला तरी काय बिघडतं?”

इथे मी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसले, कारण या एका गैरसमजामुळे कितीतरी लोकांचे डेटाबेस उघड्यावर पडतात. यूएफडब्ल्यू ही उबंटू-डेबियनवरची सोपी फायरवॉल. तिचे नेहमीचे नियम यंत्रासाठी म्हणून येणाऱ्या पॅकेटांवर लागतात, कर्नेलच्या ‘इनपुट’ या साखळीत. डॉकर पोर्ट जोडतो तेव्हा तो त्याच्याही आधी आयपीटेबल्समध्ये एक नियम घालतो: या पोर्टवर आलेल्या पॅकेटाचा पत्ता बदला आणि ते कंटेनरकडे पाठवा. पत्ता बदलल्यावर ते पॅकेट यंत्रासाठीचं राहतच नाही, ते यंत्रातून पुढे जाणारं होतं, आणि ‘फॉरवर्ड’ या साखळीतून निघून जातं. वाड्याचा रखवालदार दिंडीदरवाजाशी बसून आत येणाऱ्याला हटकतो, पण बाजूच्या बोळातून परसदारी जाणारा माणूस त्याच्यासमोरून जातच नाही, तसं. यूएफडब्ल्यूचा अहवाल ५४३२ बंद म्हणून सांगत राहतो आणि तिकडे डेटाबेस सगळ्या जगाला उत्तर देत असतो.

म्हणून आमचा नियम असा: ज्याला बाहेरच्यांनी भेटायचं नाही त्याचा पोर्ट जोडायचाच नाही. फक्त यंत्रापुरता हवा असेल तर जोडताना १२७.०.०.१ पुढे लिहायचा. काही लिहिलं नाही तर डॉकर ०.०.०.० धरतो. घरून डेटा बघायचा तर एसएसएचमधून वाट काढायची. खास नियम घालायचेच असतील तर डॉकरने त्यासाठी ‘डॉकर-यूजर’ नावाची साखळी मोकळी ठेवली आहे. आणि यंत्राबाहेरच्या फायरवॉलवर भिस्त ठेवायची, कारण पॅकेट तिथेच अडलं तर आत आयपीटेबल्समध्ये काय चाललंय याने फरक पडत नाही. आमच्या डेटाबेसात सभासदांचे फोन नंबर आहेत, पत्ते आहेत, कुणी कोणतं पुस्तक नेलं त्याची नोंद आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, पण तो नसता तरी कोण काय वाचतं हे वाचनालयाने जपायचंच असतं.

पाऊण वाजता कंपोज वर आणलं. आधी सर्व्हरवरूनच कर्लने विचारलं, उत्तर आलं. मग माझ्या लॅपटॉपवरून सर्व्हरच्या आकडी पत्त्यावर, आणि तिथे नुसती शांतता. काही सेकंद गेले, मग ‘टाइमआउट’.

त्या मुलाला मी हे तीन शब्द वहीत लिहून घ्यायला सांगितले, कारण पुढच्या आयुष्यात तेच उपयोगी पडतील. ‘रिफ्यूज्ड’ आलं तर बहुतेक वेळा पॅकेट यंत्रापर्यंत पोहोचलं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही: सेवा बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय. ‘टाइमआउट’ आलं तर पॅकेट वाटेत कुणीतरी गिळलं, उत्तरही दिलं नाही. हे बहुधा फायरवॉलचं लक्षण. आणि ‘५०२’ आलं तर समोरचा कॅडी जिवंत आहे, पण मागचं ॲप्लिकेशन त्याला सापडत नाही. दोष कुठल्या टप्प्यावर आहे ते या तिन्हींतून जवळपास कळतं. आमच्या बाबतीत कन्सोलमध्ये नियम तयार होते, पण ते या यंत्राला लावायचे राहिले होते. लावले. मग ‘४००’ आलं, आणि ते पाहून मला आनंद झाला: पत्ता अनोळखी आहे म्हणून खुद्द जँगोने विनंती नाकारली होती. म्हणजे पॅकेट पार आतपर्यंत गेलं.

दुपारी दीड

भाकरी, वांग्याची भाजी, ताक. खाता खाता डोमेनचं बोलणं.

या विषयावर मी कुणाचंही ऐकत नाही. डोमेन संस्थेच्याच नावावर, संस्थेच्याच ईमेलवर नोंदलेलं असलं पाहिजे. बनवणाऱ्याच्या नावावर अजिबात नाही. गावोगावी मी हे पाहिलंय: संकेतस्थळ करून देणारा माणूस शहरात निघून जातो, त्याचा फोन लागत नाही, नूतनीकरणाची ईमेल त्याच्याच खात्यात जाते आणि एके दिवशी पतसंस्थेचा, शाळेचा, मंदिराच्या ट्रस्टचा इतक्या वर्षांचा पत्ता दुसऱ्याच कुणाचा झालेला असतो. सर्व्हर बदलता येतो, ॲप्लिकेशन नव्याने लिहिता येतं. लोकांच्या तोंडी बसलेला, पावत्यांवर छापलेला पत्ता गेला की मात्र परत मिळत नाही. म्हणून मागच्या आठवड्यात सरांनाच संगणकासमोर बसवून, वाचनालयाच्या ईमेलवरून, वाचनालयाच्या पैशाने आम्ही डॉट इन पत्ता घेतला.

देवनागरीतला डॉट भारतसुद्धा घ्यावा असं ग्रंथपालबाईंचं म्हणणं, आणि मला ते मनापासून आवडलं. देवनागरीत डॉट भारत २०१४ सालापासून मिळतं. नामव्यवस्थेच्या पोटात ते ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षर-आकड्यांच्या रांगेतच साठवलं जातं आणि लिंक कॉपी केली की कधीकधी तीच रांग चिकटते. म्हणून मुख्य पत्ता डॉट इन, आणि देवनागरी पत्ता टाइप केला की तिकडेच नेणारा. येत्या वर्षी घ्यायचं ठरलंय.

डोमेनच्या पानावर ‘ए’ नोंद टाकली: हे नाव, हा आकडी पत्ता. टीटीएल ३०० सेकंद. आज काही बदलावं लागलं तर जगाने जुनं उत्तर पाच मिनिटांपेक्षा जास्त धरून ठेवू नये, म्हणून. सगळं बसल्यावर तो वाढवेन. नोंद टाकण्याआधी कुणीही ते नाव ब्राउझरमध्ये उघडून पाहायचं नाही, हे मी सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. नामसेवा ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा काही काळ लक्षात ठेवते, आणि मग नोंद बरोबर असूनही आपल्यालाच ती दिसत नाही. ही नामव्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. त्याआधी सगळ्या यंत्रांची नावं एका फाइलीत असत आणि ती फाइल सगळीकडे उतरवून घ्यावी लागे. आज आमच्या तालुक्यातलं नाव त्याच व्यवस्थेतून पाच मिनिटांत जगभर कळू शकतं, याचं मला दरवेळी नव्याने कौतुक वाटतं.

डिग या आज्ञेने नामसेवेला विचारलं. पत्ता बरोबर आला.

दुपारी तीन

प्रमाणपत्र. सभासद इथे पासवर्ड टाकणार, त्यामुळे एचटीटीपीएसशिवाय लोकांसमोर जायचंच नाही. २०१५च्या आधी यासाठी बहुतेक वेळा दरवर्षी पैसे मोजावे लागत आणि छोट्या संस्था ते मोजत नसत. लेट्स एन्क्रिप्टने त्या वर्षाच्या डिसेंबरात सगळ्यांसाठी फुकट प्रमाणपत्रं खुली केली. वाचनालयासारख्या ठिकाणी काम करणाऱ्या माणसाला हा केवढा मोठा आधार आहे ते बाहेरून कळणार नाही.

कॅडी हे आपणहून करतो. नाव आपलंच आहे हे सिद्ध करायची एक पद्धत अशी: लेट्स एन्क्रिप्टवाले एक खूणशब्द देतात, तो आपण आपल्या नावाखाली ठरलेल्या जागी ठेवायचा आणि ते पोर्ट ८०वर येऊन तो वाचतात. म्हणून सगळं ४४३वर चालणार असलं तरी या पद्धतीत ८० उघडा लागतो. चुकलेल्या प्रयत्नांवर मर्यादा असते, त्यामुळे पहिली चाचणी त्यांच्या सरावाच्या सर्व्हरवर घेतली, मग खऱ्यावर. काही सेकंदांत पत्ता एचटीटीपीएसने उघडला.

दोन गोष्टी मुलाला दाखवल्या. कॅडीची प्रमाणपत्रं व्हॉल्यूममध्ये ठेवली आहेत. कंटेनर काढून नवा उभा केला की आतलं सगळं पुसलं जातं. व्हॉल्यूम नसेल तर प्रत्येक वेळी नवीन प्रमाणपत्र मागितलं जाईल आणि आठवड्याची मर्यादा संपली की संकेतस्थळ अडून बसेल. दुसरं, हे प्रमाणपत्र ९० दिवसांचं. नूतनीकरण आपोआप होतं, पण झालं की नाही हे बघणारं कुणी हवं. मुदत संपत आल्याची ईमेल लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी पाठवत असे, ती २०२५च्या जूनपासून बंद झाली. म्हणून बाहेरून रोज तपासणारी सेवा लावली. कमी दिवस उरले की ती मला आणि वाचनालयाला, दोघांना कळवेल.

लॉग उघडाच होता. प्रमाणपत्र मिळून थोडा वेळ झाला नाही तोच अनोळखी विनंत्या सुरू झाल्या. वर्डप्रेसचं लॉगिन पान आहे का, डॉट ईएनव्ही फाइल मिळते का, गिटचं फोल्डर उघडं आहे का. मुलगा दचकला. “ताई, पत्ता तर आपण कुणालाच सांगितला नाही!” खरं आहे. पण दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंद जाहीर वह्यांमध्ये होते. २०१८पासून क्रोम तशा नोंदीशिवायचं नवं प्रमाणपत्र मानत नाही. खोटी प्रमाणपत्रं पकडायला ही व्यवस्था फार चांगली आहे, आणि नवीन पत्ता शोधणारे प्रोग्रॅमही तीच वही वाचत बसतात. सगळ्यांना पोहोचता येणं म्हणजे त्यांनाही पोहोचता येणं. आमच्याकडे वर्डप्रेस नाही, गुप्त शब्द इमेजमध्ये नाहीत, ॲडमिनचं पान नेहमीच्या पत्त्यावर नाही. सगळ्यांना ४०४ मिळत होतं.

दुपारी चार

ग्रंथपालबाईंच्या हातात दिलं. पहिली सूचना: वाचनालयाच्या वायफायवरून नको, मोबाइल डेटावरून बघा. बाहेरच्या माणसाला जे दिसतं ते आपल्याला दिसायला हवं.

सूची उघडली. लॉगिन मात्र होईना, ४०३. याचं कारण कॅडी आणि जँगो यांच्या मधल्या निरोपात होतं. बाहेरून विनंती एचटीटीपीएसने येते, कॅडी ती उलगडून आत साध्या एचटीटीपीने देतो. मूळ विनंती सुरक्षित होती हे तो ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ या शीर्षकात लिहून देतो, पण त्या शीर्षकावर विश्वास ठेव असं जँगोला सांगावं लागतं. नाहीतर फॉर्म सुरक्षित पत्त्यावरून आलाय आणि विनंती साधी दिसतेय, म्हणून तो तिला बनावट समजतो. सेटिंगमध्ये दोन ओळी घातल्या, इमेज बांधली, चढवली. लॉगिन झालं. हा विश्वास ठेवणं सुरक्षित आहे ते ॲप्लिकेशनचा पोर्ट बाहेर जोडलेला नाही म्हणूनच. तो उघडा असता तर तसं शीर्षक कुणीही स्वतः लिहून पाठवलं असतं.

पावती काढली. नाव देवनागरीत, जोडाक्षरं नीट, तारीख बरोबर. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे आणि तसंच राहू द्यायचं. दाखवताना जँगो भारतीय वेळ लावतो. लॉग वाचताना मात्र साडेपाच तास मिळवायचे हे मुलाला सांगितलं.

बाईंनी मग असा एक शोध घेतला की माझं सगळं लक्ष तिकडे गेलं. नावात ‘ऱ्या’ असलेलं एक पुस्तक त्यांनी फोनवरून शोधलं, मिळालं नाही. वाचनालयाच्या संगणकावरून शोधलं, मिळालं. दिसायला अक्षर एकच, पण युनिकोडमध्ये ते दोन प्रकारे लिहिलं जातं: एक खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, दुसरं साध्या ‘र’पुढे हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडवर्ण घालून. कोणता कीबोर्ड कोणता प्रकार उमटवील हे सांगता येत नाही. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. साठवताना आणि शोधताना दोन्ही एकाच रूपात आणणारं फंक्शन लिहिलं, जुन्या नोंदीही फिरवून घेतल्या. पान उघडलं पण पुस्तक सापडलं नाही, तर वाचकाच्या दृष्टीने ते पुस्तक वाचनालयात नाहीच. पोर्टांइतकंच मी यालाही महत्त्व देते. वर, मराठीतलं हे अक्षर मराठी माणसानेच सांभाळायला हवं.

संध्याकाळी सहा

बैठकीआधी सर्व्हर मुद्दाम रीबूट केला. कधीतरी तो रात्री आपोआप होणारच आहे, तेव्हा आज दिवसाउजेडी बघून घ्यावं. कंपोज फाइलमध्ये ‘अनलेस-स्टॉप्ड’ लिहिलं आहे, डॉकर सेवा यंत्राबरोबर सुरू होते. तिन्ही कंटेनर परत उभे राहिले. ॲप्लिकेशन आधी आणि डेटाबेस नंतर तयार झाला तर गोंधळ नको, म्हणून पोस्टग्रेसला आरोग्यतपासणी लावली आहे. कंपोज वर आणताना ती पास झाल्यावरच ॲप्लिकेशन सुरू होतं, रीबूटनंतर मात्र डॉकर हा क्रम पाळत नाही. रात्रीचा बॅकअप ठरवला, आणि तो वेगळ्या यंत्रावर जाईल असा.

संध्याकाळी सात

बैठकीत दाखवायला फार वेळ लागला नाही. मंडळातल्या एका काकांनी खिशातला फोन काढून आपल्या आवडीच्या लेखकाचं नाव टाकलं, यादी आली, त्यातलं कुठलं पुस्तक आत्ता कपाटात आहे हेही आलं. त्यांनी पुण्यातल्या मुलीला तिथूनच फोन लावून पत्ता सांगितला. तिने तो उघडून पान वाचून दाखवलं तेव्हा सगळे ऐकत होते.

मग मी सरांकडे इतिवृत्ताची वही मागितली आणि त्यांच्याच अक्षरात लिहून घेतलं: डोमेन कुठे नोंदलं आहे, कोणत्या ईमेलवर, नूतनीकरण कोणत्या महिन्यात, सर्व्हर कुणाकडून, बिल कुणाच्या नावे, प्रोग्रॅमचा सगळा मजकूर कुठे ठेवला आहे, बॅकअप कुठे जातो. पासवर्ड वहीत नाहीत. ते बंद पाकिटात, तिजोरीत, अध्यक्ष आणि कार्यवाह दोघांच्या सह्यांनिशी. उद्या मी या कामात नसले तरी ही वही घेऊन दुसरं कुणीही पुढे जाऊ शकेल अशी ती असायला हवी. सरांनी स्वतःहून ठराव मांडला की दरवर्षीच्या पहिल्या बैठकीत डोमेनच्या नूतनीकरणाचा विषय असावाच. मंजूर झाला.

ग्रंथपालबाईंना पत्त्याचा क्यूआर कोड हवा आहे, देवघेवीच्या टेबलावर आणि स्टँडवरच्या फलकावर लावायला. तो आज रात्री करून पाठवते. उद्या सकाळचं पहिलं काम म्हणजे रात्रीचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवायचा, त्यावर हेच तीन कंटेनर नव्याने उभे करायचे आणि ‘ऱ्या’वालं ते पुस्तक सापडतं का बघायचं. सापडलं की टीटीएल एका तासावर नेते.